रिकाम्या जागेवरची रेघ

चिकोडीच्या नोंदणी कचेरीसमोर
झेरॉक्सला लागून आप्पांचं टेबल.
त्यावरच्या माळ्यावर मी
तीन यंत्रांसाठी एक भाषा बांधतोय.

वाक्य माझं एकच.
ते कधी सी होऊन उतरतं,
कधी ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट,
कधी बाइटकोड.
इथवर ठीक चाललं होतं.
पण बाहेरचं काही बोलवायचं झालं,
घड्याळ, फाइल, कुणाचं तरी जुनं गणित,
की प्रत्येक यंत्राचं दार वेगळ्याच भिंतीत.

चार महिने एका ओळीवर अडलोय.

खाली आप्पा विचारतात, "यार हेसरिगे?"
आणि त्याच श्वासात शेजारच्याला, "तुमी थांबा की जरा."
खरेदीपत्र कन्नडात,
समजूत मराठीत,
शिव्या दोन्हीत.
मजकूर ते शब्दाला शब्द ठेवून बदलत नाहीत.
आधी विचारून घेतात:
काय द्यायचं, कुणाला, परत काय यायचं.
मग ज्या कागदाची जी रीत.

सतरा आकडी कर्जखातं
सीमध्ये सुखरूप असतं.
जावास्क्रिप्टचा उंबरा ओलांडताना
शेवटचा आकडा बदलतो
आणि कुणीच ओरडत नाही.

नावाचं तर विचारूच नका.
लक्ष्मव्वा.
सी मोजतं तीस, जावास्क्रिप्ट दहा.
आईला विचारलं. लसूण सोलता सोलता ती म्हणाली,
ल, क्ष्म, व्वा. तीन की.
खाली बाकावरची खरी लक्ष्मव्वा
शाईच्या पॅडवर अंगठा टेकवते,
पदराला पुसते.

आणि मेमरी.
मागितली आम्ही, वापरली त्यांनी,
सोडायची कुणी?
दोघांनी सोडली तर सगळं कोसळतं,
कुणीच नाही सोडली तर प्रोग्राम रात्रभर फुगत राहतो.
जेवताना भाकरीचे तुकडे मांडून आप्पांना सांगितलं.
ते तुकडे त्यांनी खाऊन टाकले.
"मालकी कुणाची, ताबा कुणाकडं,
एवढं लिव्ह की.
कुळाला रान कसायला दिलं
म्हणून त्यानं इकायचं नसतंय."
त्या रात्री व्याकरणात दोन शब्द वाढले.

तरी सोमवारी पडायचं ते पडलंच.
फाइल उघडण्याच्या ओळीत
सीचं नाव होतं, बाइटकोडचं होतं,
ब्राउझरचा रकाना मी मोकळा ठेवलेला,
बघू पुढं, म्हणून.
कंपायलर गप्प बसला.
प्रोग्राम हुबळीच्या गिऱ्हाइकासमोर
तिसऱ्या पडद्यावर जाऊन मेला.

संध्याकाळी चहा घेऊन खाली गेलो.
आप्पा दस्त संपवत होते. अर्धं पान कोरं उरलेलं.
त्यांनी पट्टी ठेवली
आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
तिरकी रेघ ओढली.
"हे कशाला?"
"मोकळं ठेवलं की कुणीतरी भरतंय."
चष्म्यावरनं बघितलं.
"न्हाई तर न्हाई म्हणून लिवायचं. त्याला लाज कसली?"

आता माझ्या भाषेत तिन्ही रकाने भरावेच लागतात.
जिथं दार नाही तिथं लिहावं लागतं: नाही.
न लिहिलं तर कंपायलर तिथंच अडवतो,
माझ्या टेबलावर, माझा चहा गरम असताना.
दाराच्या पलीकडं काय चालतं ते मात्र त्याला दिसत नाही.
तिथं आपण सांगू ते खरं धरून चालतो,
साक्षीदाराच्या सहीसारखं.

राहिला त्या ओळीच्या सुरुवातीचा शब्द.
'परका' लिहिलं, खोडलं.
या बाजारात कुणाला म्हणणार?
'बाहेरचा' लिहून आप्पांना वाचून दाखवलं.
"बाहेरचा म्हंजे?" ते म्हणाले.
"माझं टेबलच बाहेर हाय."

बाइटकोडची एक चाचणी अजून लाल आहे.
शब्दाच्या जागी तूर्त लिहिलंय:
शब्द१.